शब्दचर्चा: 'प्रक्रिया क्षमता' की 'कुवत'?

मोजपट्टी: मशीनशेजारी लावायच्या तक्त्याचं मराठी करताना एका शब्दाशी अडलंय. 'प्रोसेस कॅपेबिलिटी'ला 'प्रक्रिया क्षमता' म्हणतात, पण 'या मशीनची क्षमता किती?' विचारलं की उत्तर येतं 'शिफ्टला ४०० नग'. उत्तर देणाऱ्याचं काही चुकत नाही, उत्पादनक्षमता हाच अर्थ रुळलेला आहे. इथे विचारायचंय ते निराळं: कामात आपसूक होणारा कमीजास्तपणा ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, मावतो का? दुसरा शब्द सुचतो का?

धातुसाधित: 'कुवत'. ऐपत पैशाची, कुवत अंगची. तिला नगसंख्या चिकटत नाही.

मायक्रॉन: कुवत म्हणा, पण त्याने अर्धंच काम होतं. शाफ्ट २५.०० ± ०.०५ मिमी, सिग्मा (प्रमाण विचलन, मापांचा पसारा सांगणारा आकडा) ०.०१०. टॉलरन्स ०.१०, त्याला सहा सिग्मा म्हणजे ०.०६ ने भागलं की सीपी (निव्वळ पसाऱ्यावरून काढलेला कॅपेबिलिटीचा आकडा) १.६७. आता सरासरी २५.०२ वर सरकली, तर वरच्या मर्यादेपर्यंत ०.०३ उरले. त्याला तीन सिग्मा, म्हणजे तेवढ्याच ०.०३ ने भागलं की सीपीके (सरासरी कुठे आहे तेही धरणारा आकडा) १.००. पसारा तोच, मशीन तेच, फक्त ऑफसेट (हत्याराच्या जागेची सेटिंग) चुकलाय. मग कुवत कोणती, १.६७ की १.००?

धातुसाधित: सीपी ही कुवत. सीपीके म्हणजे त्या कुवतीतलं आज पदरात किती पडतंय ते.

गाळीव: मुळात 'टॉलरन्स' तसाच ठेवून 'कॅपेबिलिटी'चं मराठी कसलं करताय? 'सह्यता' लिहा. सवयीने रुळेल.

मायक्रॉन: 'सह्यता' वाचून सेटर (मशीन लावून देणारा) थांबणार आणि शेजाऱ्याला विचारणार. शेजारी सांगणार, 'टॉलरन्स'. तक्ता मशीनवरच वाचायचा असतो. सीपीकेला एक मराठी शब्द दिला नाही तरी चालेल, पण 'नियंत्रण मर्यादा' (कंट्रोल चार्टवरची, कामाच्या स्वतःच्या पसाऱ्यावरून काढलेली) आणि 'ड्रॉइंगची मर्यादा' हे दोन शब्द वेगळे राहिलेच पाहिजेत. सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेघा मारल्या की घात होतो. पाच-पाच नगांच्या सरासरीचा पसारा सुट्या नगांपेक्षा कमीच असतो, त्यामुळे नग बाहेर जात असताना चार्ट निवांत दिसतो.

धातुसाधित: 'सह्यते'वरून आठवलं. 'क्षमता'चा धातू क्षम्, म्हणजे सोसणे. 'क्षमा' त्यातलीच. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर 'क्षमता' हा टॉलरन्सलाच जास्त शोभतो!

गाळीव: व्युत्पत्ती अर्थ ठरवत नाही, वापर ठरवतो.

धातुसाधित: मग 'सह्यते'चा आग्रह कशाच्या जोरावर?

मोजपट्टी: 'पीपीके'ला काय लिहायचं? एका अहवालात सीपीके १.६७ आणि पीपीके १.०२ शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन्हींखाली 'क्षमता'च छापलंय.

मायक्रॉन: तिथे 'कामगिरी' लिहा. सीपीकेतला सिग्मा गटाच्या आतला असतो: पाच नगांचे गट असतील तर रेंजच्या (गटातलं मोठं माप वजा लहान माप) सरासरीला २.३२६ ने भागायचं. पीपीकेत सगळी रीडिंग्ज एकत्र घेऊन सिग्मा काढतात. दोघांत एवढी दरी असेल तर गटागटांमध्ये काहीतरी सरकतंय: इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) झीज, मालाचा लॉट, शिफ्टबदलीनंतर बदललेला ऑफसेट. आधी कंट्रोल चार्ट स्थिर करा. तोवर सीपीके छापू नये, कारण तो उद्याचं काही सांगत नाही.

आणि आकडा एकटा कधीच देऊ नये. ३० नगांवर काढलेल्या सीपीके १.३३ ची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ०.९७ ते १.६९ येते. नगसंख्या, गटाचा आकार, तारीख, मोजायचं साधन, हे सगळं त्याच ओळीत हवं. रनआउटसारख्या (शाफ्ट फिरताना होणारी डुगडुग) एकतर्फी, म्हणजे एकच मर्यादा असलेल्या, मापाला सीपी नसतोच, तो रकाना रिकामा सोडा. शून्य भरू नका.

गाळीव: 'रनआउट'ला 'भ्रमणविचलन' का नको?

धातुसाधित: 'फेक' म्हणा. डायलचा काटा फेकल्यासारखा हलतो.

मायक्रॉन: डायल निघालाच आहे तर साधन तपासा. ०.०२ लघुतम मापाच्या (लीस्ट काउंटच्या) व्हर्नियरने ०.०१० सिग्मा मोजायला गेलात तर सगळी रीडिंग्ज चार-पाच पायऱ्यांवरच बसतात आणि तो सिग्मा भरवशाचा राहत नाही. ०.००१ चा मायक्रोमीटर घ्या. गेज आर अँड आर (साधन आणि मोजणारा यांच्यामुळे येणारा फरक) टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असू द्या. ३० च्या वर गेला तर तुम्ही शाफ्ट नव्हे, मोजणाऱ्याचा हात मोजताय.

गाळीव: 'लघुतम माप' चालतं, आणि 'सह्यता' नाही?