बेलोऱ्याला धावपट्टी झाली, पण आपल्या जिल्ह्यांजोगं विमान कोण बनवणार?

वऱ्हाडवासी (धागाकर्ता)

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वर्षानुवर्षं रेंगाळलेलं काम मार्गी लागलं, आनंद आहेच. पण आपल्याकडे सगळी चर्चा धावपट्टीचीच चालते. अकोल्याच्या शिवणीची कधी वाढणार, यवतमाळची कधी सुरू होणार. तिच्यावर उतरणार कोणतं विमान, हे कोणी विचारत नाही.

बेलोऱ्याची सेवा सुरू झाली ती एटीआर-७२ वर. सत्तरेक आसनांचं, परदेशी बनावटीचं. वाशीम, यवतमाळ, गडचिरोलीतून रोज सत्तर प्रवासी निघणं कठीण आहे, पंधरा-अठरा निघतील. गोंदियाच्या बिरसीवरून मार्च २०२२ मध्ये अशाच विमानाने सुरू झालेली सेवा वर्षही न भरता बंद पडली. दुसऱ्या कंपनीचं विमान यायला डिसेंबर २०२३ उजाडला.

१९ आसनांचं विमान बनवायचं काम आपल्याच सरकारी संस्थेकडे आहे. बेंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, म्हणजे एनएएल, स्थापना १९५९ ची. विमानाचं नाव ‘सरस’. त्याचा पहिला नमुना २९ मे २००४ ला उडाला. आज वीस वर्षं उलटून गेली, तिकीट काढलेला एकही प्रवासी सरसमध्ये बसलेला नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या खासदारांनी धावपट्टीसाठी जेवढा जोर लावला तेवढाच सरससाठी आणि एनएएलच्या निधीसाठी लावावा. विमान बाहेरून येणार असेल तर कोणत्या गावाला ते परवडेल हेही बाहेरच ठरणार.

मारेगावचा कास्तकार

भाऊ, तुमचं लिवनं चांगलं हाये, पन आमाले विमान कायले पाह्यजे? आमच्या गावाले एसटी दिवसातून दोनदा येते, पावसात तेही नाई. शकुंतला बंद पडली. मूर्तिजापूर-यवतमाळ अन् मूर्तिजापूर-अचलपूर, इंग्रजाच्या काळची गाडी, गरिबाची गाडी. थे सुरू करा म्हनून लोकं किती वर्षापासून मांगून रायले. वर्धा-नांदेड लाइनचं काम अजून चालूच हाये. जो पैसा हाये थो पयले जमिनीवर लावा. बाई अडली त तिले विमानानं नेत नाई कोनी, तिले रस्ता पाह्यजे.

वऱ्हाडवासी

दादा, रस्ता आणि शकुंतला या मागण्यांवर माझी सही तुमच्या आधी असेल. पण एनएएलचा निधी कापला म्हणून तो मारेगावच्या रस्त्याला येत नाही. दोन्ही वेगळ्या खात्यांचे पैसे आहेत आणि दोन्ही मागायला हवेत.

दर्यापूरकर

मी विमानाच्या विरोधात नाही, मी सरसच्या विरोधात आहे. इतिहास पूर्ण सांगा. पहिले नमुने ठरल्यापेक्षा जड झाले. ६ मार्च २००९ ला दुसरा नमुना बेंगळुरूकडच्या बिडदीजवळ कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. नंतर प्रकल्प जवळपास गुंडाळला, मग पुन्हा उघडला, २४ जानेवारी २०१८ ला सुधारलेला नमुना उडवला. १४ आसनांचं विमान पुढे १९ आसनांचं झालं. तोवर एचएएल ही सरकारी विमान कंपनी डॉर्नियर-२२८ हे १७ आसनांचं विमान कानपूरला बनवतच होती. एप्रिल २०२२ मध्ये ते दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी घेऊन उडूही लागलं. मूळ आराखडा जर्मन आहे, मान्य. पण मारेगावच्या माणसाला आराखडा कोणाचा याच्याशी काय देणंघेणं? जे उडतंय ते वाढवा. सरकारी प्रयोगशाळेने विमान बनवायच्या भानगडीत पडू नये.

मिहानमधला मेकॅनिक

विमानाच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली म्हणून लिहितो. दर्यापूरकर, सरसचा उशीर खरा आहे, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण सरकारी संशोधन म्हणजे फक्त सरस नव्हे. पंखाच्या टोकाला वर वळलेलं पातं असतं ना, विंगलेट, त्याच्यावर १९७० च्या दशकात नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बने काम केलं. पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा तयार होतो, तो विमानाला मागे ओढतो. पात्याने तो भोवरा कमजोर होतो आणि इंधन वाचतं. कोणत्याही खासगी कंपनीने तो खर्च पहिल्यांदा केला नसता. आज जगभरच्या विमानांवर ते दिसतं.

आपल्याकडचंच घ्या. तेजस या लढाऊ विमानाचा कार्बन तंतूंचा पंख उभा राहिला त्यात एनएएलचा मोठा हात आहे. धुक्यात धावपट्टीवर किती अंतराचं दिसतंय ते मोजणारं ‘दृष्टी’ हे यंत्रही तिचंच. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

आणि बेलोरा-बिरसीसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गगन. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून केलेली, ७७४ कोटी रुपयांची उपग्रह यंत्रणा. ती जीपीएसची चूक दुरुस्त करून वैमानिकाला उंचीसकट नेमकी जागा देते. त्यामुळे लहान विमानतळावर महागडी आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा न बसवताही ढगाळ हवेत विमान बरंच खाली आणता येतं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानच्या किशनगढला एक एटीआर असंच उतरवलं गेलं. लहान गावाची सेवा बंद पडते ती कमी प्रवाशांमुळे, तशीच ‘हवामान खराब, विमान रद्द’ या निरोपामुळेही. दोनदा तसा निरोप आला की तिसऱ्यांदा माणूस विदर्भ एक्स्प्रेसचंच तिकीट काढतो.

दर्यापूरकर

गगन पटलं. हेच माझं म्हणणं आहे. यंत्रणा बनवा, साहित्य बनवा, चाचण्या करा. अख्खं विमान कारखान्यांवर सोडा.

वऱ्हाडवासी

ब्राझीलने तसं सोडलं नाही. तिथल्या सरकारी वैमानिकी केंद्रातच बांदेइरांते हे लहान प्रवासी विमान तयार झालं, १९६८ मध्ये उडालं, आणि ते बनवायला १९६९ मध्ये सरकारनेच एम्ब्राएर कंपनी काढली. आज तिची विमानं आपल्याही आकाशात आहेत. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यात भिंत उभी केली की सरससारखं होतं: नमुना उडतो, पण उत्पादन कोणी करायचं हे ठरेपर्यंत दहा वर्षं जातात.

बेलोऱ्याचंच उदाहरण देतो. तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी ३४ विमानं मागवली, ३१ अमेरिकेच्या पायपरची आणि ३ डायमंडची. एनएएलचं ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये उडालं आणि २००० मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली. विमान आपल्याजवळ होतं, ते मोठ्या संख्येने बनवणारा कारखाना नव्हता. अमरावतीची पोरं विमान शिकणार, ते परक्याचं. मला हे खुपतं.

एरंड लावून बसलेला

विमानाच्या इंधनाचंही बोला. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडून-दिल्ली विमान जैवइंधन मिसळून उडालं. ते इंधन डेहराडूनच्या सरकारी पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून केलं होतं. संशोधन खरंच मोठं, मी नाकारत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी आम्हाला सांगितलं होतं की मोगली एरंड पडीक जमिनीत, बिनपाण्याचा येतो. लावला. झाड जगलं, बी धरलं नाही. घ्यायलाही कोणी आलं नाही. आता २०३० पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात ५ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे पुन्हा कोणीतरी बांधावर येणार. यावेळी पीक बदलायला सांगू नका. पऱ्हाटीपासून इंधन करा. कापूस निघाला की शेतात उभी राहते, थोडी चुलीला जाते, बाकीची पेटवून देतो. तिला भाव मिळेल असं संशोधन दाखवा, मी पहिला उभा राहीन.

नेरची बचतगटवाली

तुम्ही सगळे दादा लोक मोठ्या विमानाचं बोलता. आमच्याकडे विमानशास्त्र पोचलं ते फवारणीच्या ड्रोनने, त्यावर कोणीच लिहिलं नाही.

२०१७ ची फवारणी यवतमाळ जिल्हा विसरला नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, औषध तोंडावर, नाकात, अंगावर. वीसहून जास्त माणसं गेली. कितीकांच्या डोळ्यांना इजा झाली. फवारणारा शेताबाहेर उभा राहिला तर हे टळतं, म्हणून मला ड्रोन हवाच. नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटाला ८० टक्के, आठ लाखांपर्यंत मदत आहे.

पण पाठीवरच्या पंपाने एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोन दहाएक लिटरमध्येच एकर करतो. म्हणजे औषध कितीतरी घट्ट. वारा सुटला की तेच घट्ट औषध शेजारच्या हरभऱ्यावर, विहिरीवर, गोठ्यावर जातं. थेंब किती बारीक असावा, कपाशीच्या खालच्या पानापर्यंत तो कसा पोचेल, आमच्याकडच्या उन्हात बॅटरी किती टिकेल, हा विमानशास्त्राचाच प्रश्न आहे ना? पात्यांखालची हवा कशी वाहते हे एनएएलवाल्यांना कळणार नाही तर कोणाला?

मिहानमधला मेकॅनिक

ताई, बरोबर बोललात. पात्यांची हवा थेंबाला खाली ढकलते, पण ड्रोन जास्त उंच किंवा वेगात गेला की तीच हवा मागे भोवरा करते आणि थेंब बाजूला उडतात. विंगलेटवाला भोवरा तो हाच.

मारेगावचा कास्तकार

ताई, तुमचं पटलं. माह्या गावचे दोघं त्या वर्षी दवाखान्यात होते. असं संशोधन करत असनं त करा बावा, त्याले पैसा द्या. पन बेंगळुरूत बसून नोका करू. पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या शेतात या, आमच्या कपाशीत उडवा, आमच्या समोर मोजा.

दर्यापूरकर

याला माझाही पाठिंबा. सरसवर माझं मत तेच आहे.

वऱ्हाडवासी

आणि माझंही तेच आहे. खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी करतो. त्यात सरसच्या उत्पादनाची मुदत, बेलोरा-बिरसीला गगनवर आधारित उतरण्याची सोय, पऱ्हाटीपासून इंधन आणि विदर्भाच्या कपाशीत ड्रोन फवारणीच्या चाचण्या, हे चारही घालतो. दर्यापूरकर, सरसच्या कलमाखाली तुमचा विरोध तुमच्याच शब्दांत लिहून पाठवा, तोही जोडतो.