वकिलातीचा छोट्या धंदेवाल्याला खरंच उपयोग होतो का?

मालाडकर३४:
मालाडला आमचं इमिटेशन ज्वेलरीचं छोटं युनिट आहे, आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढलाय, दुबईला थोडाफार माल जातो. आता पोलंडच्या एका पार्टीची मेलवर मोठी ऑर्डर आलीये, पण अ‍ॅडव्हान्स नाही, पैसे ९० दिवसांनी म्हणतात. मित्र म्हणाला वॉर्सात आपल्या वकिलातीत कमर्शियल विंग आहे, त्यांना विचार. पण ते टाटा-अंबानींसाठीच असतात ना? आपल्याला कोण उभं करणार?

वाशीमार्केट:
करतात रे. आमचा आंब्याचा धंदा, २०१४ ला फळमाशीमुळे युरोपने हापूस बंद केला तेव्हा मार्केटमध्ये नुसती बोंबाबोंब होती, आता आम्ही व्यापारी काय ब्रुसेल्सला जाऊन भांडणार होतो? ते सरकार आणि वकिलातीनेच केलं, २०१५ ला बंदी उठली. अमेरिकेचंही तेच, २००७ ला आंबा तिकडे गेला आणि बदल्यात हार्लेच्या बाइकला इकडे वाट मिळाली 😄 दार उघडायचं काम त्यांचं, माल आपणच विकायचा.

फोर्टचाभाऊ:
आंब्याचं ठीक आहे हो, ते सरकार-सरकारमधलं. मी एका देशातल्या आपल्या वकिलातीला तीन मेल टाकले, महिन्याने एक पीडीएफ आली, त्यातल्या निम्म्या कंपन्यांचे मेल बाउन्स. त्या साहेबाचा तरी काय दोष, धंदा समजेपर्यंत बदली होते. कॅनडाने १८९४ मध्येच व्यापारासाठी वेगळा माणूस नेमून सिडनीला बसवला, त्यांचं परराष्ट्र खातं आलं १९०९ ला. आपल्याकडे व्हिसा, पासपोर्ट, मंत्र्यांचे दौरे सांभाळून उरलेल्या वेळात एक्स्पोर्ट.

निवृत्तबँकवाला:
मालाडकर, मेल जरूर टाका, पण "बायर द्या" असं नको. कंपनीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, पत्ता द्या आणि ही पार्टी खरी आहे का एवढंच विचारा, त्याला उत्तर यायचा चान्स जास्त. मात्र पैसे बुडाले तर वकिलात भरून देत नाही हं, समजावून सांगेल फार तर. त्यासाठी ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी घ्या, ऑफिस अंधेरी ईस्टलाच आहे. ते बायरची माहिती काढून किती रकमेपर्यंत विमा द्यायचा ते लिमिट ठरवतात, आणि त्यांनीच नाही म्हटलं तर काय ते समजून जा.

मालाडकर३४:
थँक्यू काका. वॉर्साला मेल गेलाय, उत्तर यायचंय. पार्टीला ३० टक्के अ‍ॅडव्हान्स किंवा एलसी (त्यांच्या बँकेची पैशाची हमी) मागितली, तेव्हापासून तिकडून चिडीचूप 😅