मदत हवी आहे: बंद कचरा डेपोच्या देखभाल निधीचा हिशेब कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेने जुना कचरा डेपो माती टाकून बंद केला. घनकचरा नियम 2016 प्रमाणे त्यानंतर किमान 15 वर्षं देखभाल करायची होती. इथे मात्र पावसात उताराला भेगा पडतात आणि काळं पाणी थेट ओढ्याला मिळतं. खालच्या विहिरींचं पाणी लोक अजून पितात, म्हणून जीव तुटतो.

अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद दिसते, पण पैसा वेगळ्या खात्यात आहे की दुसरीकडे वळवला, कळत नाही. माहिती अधिकारात स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा (नगरपरिषदेच्या हिशेबांच्या सरकारी तपासणीचा) अहवाल मागणारच आहे. सोबत कॅशबुक, बँक ताळमेळ (कॅशबुक आणि बँकेच्या नोंदी जुळवलेलं पत्रक), मोजमाप पुस्तिकाही (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) मागू का? लेखापरीक्षणात काम केलेलं कुणी अर्जाचा मसुदा बघून देईल का?