जुनी ९९६ घ्यायची आहे, आयएमएस बेअरिंगचं काय?

प्रश्न: २००१ची पोर्शे ९११ (९९६ करेरा, मॅन्युअल) बघतोय. आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचं; व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळ्या या शाफ्टवरून फिरतात) बदलल्याची पावती नाही. काय तपासू? खर्च कुठे वाढतो?

उत्तर १: बेअरिंगपेक्षा मजुरी भारी पडते. ते फ्लायव्हीलच्या बाजूला बसतं, त्यामुळे गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. एवढं उघडलंच, तर क्लच आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील तेव्हाच बदला, नाहीतर तीच मजुरी पुन्हा. मूळ बेअरिंग सीलबंद असतं. सील झिजलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि बॉल खराब होतात. मग टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिनच गेलं म्हणा.

उत्तर २: सौद्याआधी ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारा चुरा दिसला तर गाडी सोडा. सिलिंडरवरचे ओरखडेही बघा, पण स्पार्क प्लगच्या भोकातून नीट दिसत नाहीत. ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढून खालून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला.

उत्तर ३: ९९६ टर्बो आणि जीटी३चं इंजिन वेगळं, तिथे ही कटकट नाही. टर्बोत मात्र चिकटवलेले कूलंट पाइप सुटतात. ते वेल्ड करून घ्या.