सीझन सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलाय का? डॉजर्स आणि सॅलरी कॅप

नेरुळकर
25 मार्चला यांकीज-जायंट्स मॅचने अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगचा 2026 चा सीझन सुरू होतोय आणि खरं सांगू, यंदा मला फारसा उत्साहच नाहीये. 2024 ला चॅम्पियन लॉस एंजलिसचे डॉजर्स, 2025 ला परत डॉजर्स, आणि तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून हिवाळ्यात काईल टकरला 4 वर्षांसाठी 24 कोटी डॉलर देऊन उचलला, वर न्यूयॉर्क मेट्सचा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर, एडविन डियाझही पळवला. ओहतानी, बेट्स, फ्रीमन, यामामोतो, स्नेल आधीच बसलेत तिथे. आपल्याकडे आयपीएलमध्ये मालक अंबानी असो की आणखी कोणी, लिलावात पर्स सगळ्यांना सारखी, 2025 ला 120 कोटी म्हणजे 120 कोटी. मेजर लीगमध्ये सॅलरी कॅपच नाही, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादाच नाही, ठराविक रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरा आणि खुशाल खर्च करा. त्यात ओहतानीची ती गंमत, 10 वर्षांचे 70 कोटी डॉलर पण त्यातले 68 कोटी 2034 पासून पुढे आणि तेही बिनव्याजी, आत्ता हातात वर्षाला फक्त 20 लाख! असं चालणार असेल तर पिट्सबर्गच्या पोराने टीम बघायचीच कशाला? माझं मत स्पष्ट आहे, कॅप आणा. बोला.

बे एरियातला बंड्या
मी जायंट्सवाला, डॉजर्सचा निळा रंग दिसला तरी माझं डोकं फिरतं, त्यामुळे हे मी लिहितोय म्हणजे विचार करा. पैशाने ट्रॉफी मिळत असती तर मेट्सना मिळाली असती. सोतोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी दिले आणि 2025 ला 83 जिंकल्या, 79 हरल्या आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या बाहेर. एंजल्सकडे ट्राउट आणि ओहतानी दोघं 6 सीझन एकत्र होते, प्लेऑफची एक मॅच नाही खेळले. आणि कॅप कॅप काय करताय राव, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलला कडक कॅप आहे, तिथे चीफ्सनी लागोपाठ 2 सुपर बोल मारले आणि तिसऱ्याच्याही फायनलला पोचले. बेसबॉलमध्ये कॅप नसताना 2000 च्या यांकीजनंतर थेट 2025 पर्यंत कोणालाच लागोपाठ जिंकता आलं नव्हतं.

नेरुळकर
बंड्याभाऊ, 7 मॅचच्या सिरीजमध्ये कोणीही कोणालाही हरवतं, त्यावरून काय कळणार. प्लेऑफच्या दारात कोण पोचतं ते बघा ना. डॉजर्स 2013 पासून एक वर्ष चुकलेले नाहीत आणि पिट्सबर्गचे पायरेट्स 2015 नंतर एकदाही नाहीत.

कडू कारलं
पायरेट्सचं नाव निघालंच आहे तर बोलू द्या. त्यांचा पॉल स्कीन्स, गेल्या वर्षीचा नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचर, ईआरए 1.97, म्हणजे 9 इनिंगला सरासरी 2 रनसुद्धा देत नाही. त्याचा रेकॉर्ड काय? 10 जिंकल्या, 10 हरल्या. हा माणूस मरमर बॉल टाकतो आणि पुढे बॅटिंगला उतरणारे त्याला 2 रन काढून देत नाहीत. गेल्या वर्षी पगार तर 10 लाख डॉलरच्याही आत, कारण पहिली 3 वर्षं टीम देईल तेवढ्यावरच गप्प बसायचं असतं. आता मला सांगा हा डॉजर्सचा दोष का? मोठ्या टीमच्या कमाईतला हिस्सा या छोट्या मालकांना दरवर्षी जातो, तो मैदानावर दिसतो का कुठे? कॅप लावली तर सगळ्यात खूश हेच मालक होणार, मुळात खर्च करायचाच नाहीये त्यांना. लावायचीच असेल तर किमान खर्चाची अट लावा, की एवढे तरी काढलेच पाहिजेत खिशातून.

सिएटलची सून
आमच्याकडे मेरिनर्सना वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, माहीतच नाही. 1977 पासूनची टीम, एकदाही पोचली नाही, सगळ्या 30 टीममध्ये आम्ही एकटेच. गेल्या वर्षी कॅल रॅलीने 60 होमर (आपल्या सिक्ससारखे) मारले, कॅचर म्हणजे कीपर असून 60! टोरांटोविरुद्ध सेमीफायनलची सातवी मॅच, आम्ही 3-1 रनांनी पुढे, सातवी इनिंग, फक्त 8 आउट काढायचे होते आणि स्प्रिंगरने 3 रनांचा होमर मारला. आमचा क्लोजर मुन्योझ बुलपेनमध्येच (राखीव पिचरच्या जागेत) बसलेला. घरी सासरे उठून सरळ झोपायला गेले. यात डॉजर्स कुठे आले आणि कॅप कुठे आली? मॅनेजरचा निर्णय चुकला, बास. आणि टोरांटोही काही गरीब नाही हं, ग्वेरेरोला 50 कोटी दिलेत त्यांनी.

आकडेमोड
मी नेरुळकरांच्या बाजूने. मिलवॉकी ब्रुअर्सचंच बघा. 97 मॅच जिंकल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त, डॉजर्सना रेग्युलर सीझनमध्ये 6 पैकी 6 वेळा हरवलं. ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला तेच डॉजर्स समोर आले आणि ब्रुअर्स 4-0 ने साफ, त्यांचा प्रत्येक मॅचमध्ये बरोब्बर 1 रन, चार मॅचमध्ये चार! चौथ्या मॅचला ओहतानीने 6 इनिंगमध्ये एकही रन न देता 10 जणांना स्ट्राइकआउट केलं आणि स्वतः 3 होमर मारले. 162 मॅच हुशारीने निभावता येतात, पण ऑक्टोबरमध्ये रोज एक नवा तगडा पिचर उभा करायचा तर पैसाच लागतो. आणि पुढे ब्रुअर्सनी काय केलं? 17 मॅच जिंकून दिलेल्या पिचर पेराल्टाला जानेवारीत मेट्सकडे धाडला, कारण वर्षभराने त्याचा करार संपल्यावर तो परवडणार नव्हता. तिथल्या फॅनने नवीन जर्सी घ्यायची तरी कोणाच्या नावाची?

बे एरियातला बंड्या
आणि डॉजर्स-टोरांटो फायनलची सातवी मॅच? नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सना हरायला फक्त 2 आउट बाकी होते, आणि होमर मारला कोणी, मिगेल रोहासने! 36 वर्षांचा, नवव्या नंबरवर खेळणारा, पगार 50 लाख. त्याच इनिंगमध्ये तिन्ही बेसवर टोरांटोचे रनर उभे असताना होम प्लेटवर थ्रो करून टोरांटोचा विजयही त्यानेच अडवला, काही इंचांचा फरक होता. अकराव्या इनिंगला कर्कची बॅट तुटली, बॉल हळूच बेट्सकडे घरंगळत गेला, डबल प्ले म्हणजे एकाच बॉलवर दोघं आउट, 5-4, खेळ खलास. यात पैसा कुठे दिसला तुम्हाला?

नेरुळकर
बॅट तोडणारा पिचर कोण होता ते मात्र खुबीने गाळलंत. यामामोतो! 32.5 कोटींचा. आदल्या रात्री 96 बॉल टाकून मॅच जिंकून दिली आणि दुसऱ्या रात्री परत येऊन शेवटचे 8 आउट काढले. तो ब्रुअर्सना परवडला असता का? (ती मॅच 2 नोव्हेंबरला आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या डीवाय पाटीलला हरमनप्रीतच्या टीमची फायनल. त्या रविवारी मी कामाचं काहीही केलेलं नाही.)

कडू कारलं
परवडला असता, मालकाने ठरवलं असतं तर. एखाद्या मालकाने हिशेबाच्या वह्या उघडून दाखवल्या का कधी?

पहिल्या बाकावरचा
मध्येच विचारतो, तो आपला रिंकू सिंग बेसबॉल खेळायचा ना?

आकडेमोड
तो वेगळा हो, केकेआरवाला नाही. 2008 मध्ये भारतात बॉल फेकायची स्पर्धा झाली, त्यातून भालाफेकीतले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि पायरेट्सनीच घेतलं दोघांना. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला आणि तिथे वीर महान नावाने खेळला. असो. मुद्द्यावर या. खेळाडूंबरोबरचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय आणि मालकांना कॅप पाहिजेच आहे. 1994 ला याच कॅपपायी संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती.

कडू कारलं
म्हणूनच म्हणतो, कॅपसाठी टाळ्या पिटणाऱ्यांनी 2027 चा सीझन अर्धा गेला तर रडायचं नाही.

नेरुळकर
अर्धा गेला तरी चालेल, पण पुढची 10 वर्षं नीट व्हायला हवीत. माझं मत बदललेलं नाही. यंदा मी डॉजर्स सोडून कोणाच्याही बाजूने आहे. लॉस एंजलिसची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी 7:40 ला लागते, चहासोबत त्यांना हरताना बघायचंय. मेरिनर्सना धरतोय मी या वेळी.

सिएटलची सून
नका हो, पाया पडते. दुसरी कुठलीही टीम धरा.