२० पैकी १९ आमदार सत्तेत. मग खानदेशाचा प्रश्न सभागृहात विचारणार कोण?

गिरणाकाठ

राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांची गणती आपल्याकडून सुरू होते. क्रमांक १ अक्कलकुवा, क्रमांक २० मुक्ताईनगर. नंदुरबारचे चार, धुळ्याचे पाच, जळगावचे अकरा. २०२४ च्या नोव्हेंबरात या वीसपैकी एकोणीस महायुतीने घेतले. उरलं एकटं नवापूर. तिथे काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक जेमतेम अकराशे मतांनी तरले.

पारावर यावर एकच सूर ऐकू येतो, "बरं झालं, आता निधीला आडकाठी नाही." मला यात घाटा दिसतो.

एकोणिसातले चौघे मंत्री आहेत: गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, जयकुमार रावल, संजय सावकारे. मंत्री सभागृहात उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. वीसपैकी राहिले सोळा. त्यातले पंधरा ज्यांना विचारायचं त्यांच्याच मागच्या बाकांवर. जलजीवन या नळपाणी योजनेच्या अर्धवट टाक्यांवर बोलायचं तर पाणीपुरवठा खातं जळगाव ग्रामीणच्या आमदारांकडे. तापी खोऱ्याच्या धरणांवर बोलायचं तर ते खातं जामनेरच्या आमदारांकडे. शेजारच्या तालुक्यातला, त्याच युतीतला आमदार त्यांना भर सभागृहात कोंडीत पकडेल? निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेताही मिळाला नाही. त्यासाठी २८८ च्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात असा संकेत आहे आणि विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे निवडून आले २०. २००९ ते २०१४ या काळात तेच पद मुक्ताईनगरकडे होतं. एकनाथ खडसे उभे राहिले की माईक मिळायचा.

सत्तेतला आमदार गल्ली काँक्रीटची करून देतो. धरण का रखडलं, हे विचारत नाही. पटत नसेल तर खोडून काढा.

आप्पा_बोरीकाठ

गिरणाकाठ, प्रश्न विचारून पाणी अडत नाही.

पाडळसे धरणाचंच घ्या. या निम्न तापी प्रकल्पाची मूळ मान्यता १९९७ ची, सुमारे १४२ कोटींची. त्यानंतर पंचवीस वर्षं प्रश्न झाले, लक्षवेधी सूचना झाल्या, आंदोलनं झाली. ४,८९० कोटींची चौथी सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) निघाली ती २०२३ सरताना, अमळनेरचे आमदार मंत्रिमंडळात असताना. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

सुधारित प्रशासकीय मान्यता हे भाषणाचं काम नाही, फाईलचं आहे. पाटबंधारे महामंडळ नव्या दरसूचीने अंदाजपत्रक करतं, ते राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, तिथून जलसंपदा, मग नियोजन आणि वित्त, शेवटी मंत्रिमंडळ. प्रत्येक टप्प्यावर "खुलासा सादर करावा" असा एक शेरा पडला की फाईल परत खाली. आणि वर्ष उलटलं की दरसूची पुन्हा बदलते, म्हणजे आकडे पुन्हा पहिल्यापासून. तिथे पाठपुरावा करणारा माणूस आत लागतो. बाहेरून ओरडणाऱ्याला फाईल कोणत्या टेबलावर आहे हेसुद्धा कळत नाही.

आमदारनिधीचं कौतुकही नको. वर्षाचे ५ कोटी. तालुक्यात दीडशे गावं धरा, गावाला सव्वातीन लाखांच्या थोडं वर. त्यात एक गल्ली धड होत नाही. खरा पैसा २५१५, ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांत, म्हणजे गावातली कामं आणि रस्ते यांसाठीच्या अर्थसंकल्पातल्या खात्यांत असतो. २५१५ ची यादी ग्रामविकास खात्यातून निघते आणि प्रत्येक मतदारसंघाला सारखं द्यावं असा नियम नाही. सरकार कोणाचंही असो, विरोधी आमदार हेच रडगाणं गातात. २०२० मध्ये भाजपवाले गात होते, आता काँग्रेसवाले गातात. मग आपण यादीत का नसावं?

कामकाजपत्रिका

दोघांच्याही बोलण्यात एकेक गोष्ट सुटली आहे.

गिरणाकाठ, सत्ताधारी आमदाराने प्रश्न विचारला म्हणून त्याची आमदारकी जात नाही. दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, लागते ती स्वतःहून पक्ष सोडला, पक्षाच्या आदेशाविरुद्ध (व्हीप) मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर. तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा यांत मतदानच नसतं. तेव्हा "पक्ष बोलू देत नाही" ही सबब आहे, कायदा नाही. प्रत्यक्षात लक्षवेधींच्या यादीत सत्ताधारी आमदारांची नावं भरपूर असतात.

आप्पा, प्रश्न वाया जातात हे खरं. पण का जातात? निम्मे प्रश्न लिहितानाच मेलेले असतात. एक नमुना देतो.

"(१) अमुक तालुक्यातील जलजीवन मिशनची अनेक कामे गेल्या दोन वर्षांपासून बंद आहेत, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय?
(३) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

याचं छापील उत्तर ठरलेलं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." अधिकारी खोटं बोलला का? नाही. "अनेक" म्हणजे किती, ते प्रश्नात नाही. "बंद" म्हटलंय, आणि कुठेतरी दोन महिन्यांपूर्वी पाच-पन्नास मीटर पाईप टाकल्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत आहे. पहिला भाग पडला की पुढचे तिन्ही आपोआप गळतात.

तोच प्रश्न असा लिहा: "मौजे अमुक येथील उंच टाकीचे काम दिनांक अमुकच्या कार्यारंभ आदेशानुसार बारा महिन्यांत पूर्ण करणे आवश्यक असताना दिनांक तमुकपर्यंत ते अपूर्ण होते, हे खरे आहे काय?" एक गाव, एक आदेश, दोन तारखा. आता "हे खरे नाही" लिहायला सहजी कोणाचा हात धजावत नाही. "अंशतः खरे आहे" तरी लिहावं लागतं, आणि तिथून पुढच्या भागांची दारं उघडतात. आदेशाची प्रत ग्रामपंचायतीत किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकारात मिळते.

हे सगळं अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावं लागतं. अधिवेशन तोंडावर आल्यावर आमदाराच्या बंगल्यावर निवेदन घेऊन जाणाऱ्याला फक्त चहा मिळतो.

आणखी एक. कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले, याच्या याद्या फिरतात. त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकाच तारांकित प्रश्नाखाली वीस-पंचवीस नावं असतात. नाव आहे म्हणजे तो सभागृहात उभा राहिला असं नव्हे. सभागृहाच्या कार्यवाहीच्या नोंदीत उपप्रश्न कोणाच्या नावावर आहे, ते पाहा.

झेंडीगेट

काय करतस भो आमदार मुंबईले, हाई आज समजनं!

सुप्रमा_नको_वर्कऑर्डर_दाखवा

आप्पांचं "यादीत असलं म्हणजे झालं" हे अर्धवट आहे. यादीत नाव येणं आणि रस्ता होणं यांत मोठी दरी आहे.

पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या यादीत) काम येतं. किंमत समजा दोन कोटी, पण त्या वर्षाची तरतूद वीस लाख. मतदारसंघात फलक लागतो तो दोन कोटींचा. नारळ फुटतो. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ठेकेदार खडी टाकतो, एक थर दाबतो, पहिलं बिल लावतो. तिजोरीत त्या शीर्षाखाली वीस लाखच, आणि रांगेत बाकीचे ठेकेदारही. थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले होते, ते उगाच नाही. मग डांबराचा थर राहतो, पावसाळ्यात खडी वर येते आणि लोक ठेकेदाराला शिव्या घालतात.

आमदार सत्तेत असो की विरोधात, त्याला विचारायचं ते "किती कोटी आणले?" असं नाही. "किती वितरित झाले?" असं विचारा. मंजूर, तरतूद, वितरित आणि खर्च हे चार वेगळे आकडे आहेत. फलकावर नेहमी पहिला असतो.

गिरणाकाठ

हेच तर माझं म्हणणं! वितरित किती झाले, हा प्रश्न सत्ताधारी आमदार स्वतःच्याच फलकाविरुद्ध कसा विचारेल?

कामकाजपत्रिका, तुमचं मतदान आणि व्हीपचं बरोबर आहे, मान्य. पण तिकीट व्हीपने कापलं जात नाही, तिकीट पुढच्या वेळी कापलं जातं. आणि डिसेंबर २०२४ चं नागपूर अधिवेशन आठवा. १६ ते २१ तारीख, सहा दिवस. मंत्र्यांचा शपथविधी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी आणि खातेवाटप अधिवेशन संपलं त्या रात्री. कोणत्या खात्याचं उत्तर कोण देणार हेच सहा दिवस ठरलेलं नव्हतं, तिथे प्रश्न काय विचारणार?

सातपुडा_पायथा

या सगळ्या चर्चेत जळगाव फार आणि नंदुरबार कमी आहे, म्हणून लिहिते.

वीसपैकी सात जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत: नंदुरबारच्या चारही, शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा. आमच्याकडे प्रश्नोत्तराच्या तासापेक्षा अनुसूचित जमाती कल्याण समिती जास्त कामाची. विधिमंडळाची ही समिती जिल्ह्यात येते, तळोदा प्रकल्प कार्यालयाच्या नोंदवह्या मागवते, आश्रमशाळेत जाऊन पटावरची आणि ताटावरची मुलं मोजते, मग सचिवांना साक्षीला बोलावते. कॅमेरा नसतो, म्हणून आरडाओरडाही नसतो आणि उत्तरं लेखी द्यावी लागतात. अशा समित्यांत सत्ताधारी सदस्य जास्त असतात, कारण जागा संख्याबळावर वाटतात. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकांना देण्याची प्रथा आहे, बाकीच्यांचं तसं नाही. म्हणून गिरणाकाठ दादा, सत्तेतला आमदार गप्पच बसतो हे मला पटत नाही. कुठे बसतो ते बघा.

दुसरी गोष्ट आमदाराला जाब विचारणाऱ्याची. मणिबेली हे राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक १. नर्मदेच्या फुगवट्याच्या त्या पट्ट्यात मतदानाचं सामान बोटीने न्यावं लागतं. यंत्रणा ते करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला होतं, दिवाळी त्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी. दिवाळी झाली की अक्कलकुवा-धडगावची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत निघतात. टपाली मतदान सैनिकांना, निवडणूक कर्मचाऱ्यांना, ८५ च्या वरच्यांना, दिव्यांगांना मिळतं. ऊसतोड मजुराला मिळत नाही. ज्याच्या पाड्याला रस्ता नाही, तोच मतदानाला नाही. मग मुकादमाच्या गाडीने कोणाला परत आणायचं, हे उमेदवार ठरवतो. त्या गाडीचं डिझेल ४० लाखांच्या खर्चमर्यादेत कोण धरतो, ते विचारू नका. मतदारांची अशी ने-आण हा मुळात भ्रष्टाचारातच मोडतो, लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं लिहिलंय.

आप्पा_बोरीकाठ

ताईंनी माझंच काम सोपं केलं. समितीत संख्याबळ, फाईलीत वजन, यादीत नाव. तिन्ही सत्तेत.

आणि गिरणाकाठ, विरोधी आवाज अगदीच संपलेला नाही. एकनाथ खडसे २०२२ मध्ये राष्ट्रवादीकडून विधान परिषदेवर गेले आणि सरकार बदलल्यावर विरोधी बाजूला आले. परिषदेतही तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते. मंत्री तेच, उत्तर तेच. शिवाय नाशिक पदवीधर मतदारसंघात आपले तिन्ही जिल्हे येतात, त्या आमदारालाही कागद देता येतो. आपले लोक ते दार वाजवतच नाहीत.

गिरणाकाठ

परिषद मान्य. पण आप्पा, तुमच्याच पाडळसेवर येतो. ४,८९० कोटींची सुप्रमा म्हणजे मंजुरीचा आकडा. वर कोणी लिहिलंय तसं वितरित किती, हे मला सभागृहाच्या कागदावर हवंय. मी मसुदा केलाय: "निम्न तापी प्रकल्पाचे काम निधीअभावी संथगतीने सुरू आहे, हे खरे आहे काय?"

कामकाजपत्रिका

पडला. "संथगतीने" काढा. उत्तर येईल, "हे खरे नाही, काम प्रगतिपथावर आहे." सुप्रमेचा शासन निर्णय, त्याचा दिनांक, त्यानंतरची दोन आर्थिक वर्षं आणि "प्रत्येक वर्षी अर्थसंकल्पीय तरतूद किती व प्रत्यक्ष वितरण किती" असा आकड्याचा भाग घाला. शेवटी "प्रकल्प कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण करण्याचे नियोजन आहे" हे जोडा. मंत्र्याने सभागृहात वर्ष सांगितलं तर ते आश्वासन होतं, आणि मंत्र्यांचे शब्द पाळले गेले का ते बघणाऱ्या आश्वासन समितीच्या यादीत चढतं. "तपासून पाहू" म्हणाले तर वर्ष हाती लागत नाही, म्हणून उपप्रश्न विचारणारा चिकाटीचा हवा.

आप्पा_बोरीकाठ

मसुदा सुधारून इथेच टाका. सही मात्र मी त्या पंधरापैकी एकाची आणतो. त्याच्या नावाने आलेल्या प्रश्नाला खातं पळवाट काढत नाही, हे पैजेवर सांगतो.

गिरणाकाठ

लावली पैज. तुमच्या माणसाची सही येऊ द्या. उपप्रश्न विचारायला तो त्या दिवशी सभागृहात बसतो का, एवढंच मी कार्यवाहीत बघणार.