ओव्हरीच्या कॅन्सरची केमो : दोन केमोंमधले २१ दिवस घरी कसे सांभाळावेत?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

माझ्या आईला, वय ६३, अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले असून आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. पोटात पाणी झाले होते, म्हणून डॉक्टरांनी आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर उरलेल्या तीन केमो असा क्रम ठरवला आहे. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही औषधे दर २१ दिवसांनी सलाइनमधून दिली जातात. दोन केमो झाल्या, सीए-१२५ (या कर्करोगाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) उतरू लागले आहे, तेव्हा उपचारांबद्दल तक्रार नाही; तारांबळ उडते ती घरी.

केमोच्या दुसऱ्या दिवशी आई इतकी उत्साही असते की स्वयंपाकघरात शिरून फोडणी कशी जळली ते आम्हाला ऐकवते, आणि तिसऱ्या दिवशी मात्र मांड्या-पोटऱ्या अशा दुखतात की तिला कूसही बदलवत नाही. पोट साफ होत नाही, तोंडाला लोखंडाची चव येते, पायांच्या बोटांना मुंग्या येतात. त्यात तिला मधुमेह आहे. भेटायला येणारे नातेवाईक गव्हांकुराचा रस, गुळवेल आणि प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस सुचवतात, आणि नको म्हटले की रुसतात. ज्यांनी हे स्वतः भोगले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (खारघर)

ताई, माझ्याही अशाच सहा केमो आणि मध्ये शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवसाचा उत्साह आईंचा नसून स्टेरॉइडचा असतो. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात. त्याने झोप उडते, साखर वाढते, आणि त्याचा असर ओसरला की माणूस एकदम गळून जातो. त्या दोन-तीन दिवसांत घरी साखर तपासा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

पायांचे दुखणे पॅक्लिटॅक्सेलचे असावे. ते बहुधा दोन-तीन दिवसांनी सुरू होऊन आठवड्याच्या आत ओसरते. मला पहिल्या वेळी कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे आजार हाडांत उतरला या भीतीने मी रात्रभर रडले होते. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन दिले असेल तर त्यानेही कंबर आणि हाडे ठणकतात. कोणती वेदनाशामक गोळी चालेल हे आधीच लिहून घ्या, कारण प्लेटलेट कमी असताना घरातली कोणतीही गोळी घेऊन चालत नाही.

मलावरोधाला उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बऱ्याच अंशी कारणीभूत असते. केमोच्या दिवसापासूनच रेचक सुरू करू का, असे विचारा. चौथ्या दिवसापर्यंत वाट पाहिली की हाल होतात. पोट फुगले, वायूही सरेना आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र तो साधा मलावरोध समजू नका, तडक रुग्णालय गाठा. आपल्या आजारात आतड्याला अडथळा होऊ शकतो.

जेवणात मला भाताची पेज, मुगाचे वरण, उकडलेले अंडे आणि नाचणीची आंबील एवढेच जात असे. स्टीलचा चमचा बदलून लाकडी घेतला आणि कोकमाचे सार प्यायले की लोखंडी चव थोडी मरायची.

प्रतिसाद (वाशी, निवृत्त परिचारिका)

मी एकाच गोष्टीबद्दल लिहिते, कारण तिच्याबाबत हयगय चालत नाही. केमोपासून साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि जंतुसंसर्ग मात्र आत पसरत राहतो. रात्री दोन वाजता कोणत्या रुग्णालयात जायचे, फोन कोणाला करायचा आणि गाडी कोणाची, हे आजच ठरवा. घोडबंदर रोडवर पावसात वाहतूक अडली की किती वेळ जातो हे ठाणेकरांना मी काय सांगावे! केमोची फाइल आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल) एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा.

गव्हांकुराचा रस कच्चा असतो, त्यामुळे पेशी खाली असताना तो नकोच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातूनच होतो. पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या साथीतून घरोघरी पोहोचला. केमोने उतरलेल्या प्लेटलेटसाठी त्याच्यावर विसंबू नये. नातेवाइकांना घरच्यांनी नव्हे, डॉक्टरांनी मनाई केली आहे असे सांगा. रुसवा मग आपोआप योग्य पत्त्यावर जातो.

प्रतिसाद (कळवा)

माझ्या पत्नीने मुंग्यांची गोष्ट चौथ्या केमोपर्यंत डॉक्टरांना सांगितलीच नाही, कारण औषध कमी करतील अशी तिला भीती होती. उपचार संपून वर्ष झाले तरी तिला ब्लाउजचे हुक लावताना त्रास होतो. मधुमेह असलेल्यांना नसांना इजा होण्याचा हा धोका अधिक, म्हणून प्रत्येक केमोआधी स्वतःहून सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. घरात पायांत चपला असाव्यात आणि अंघोळीचे पाणी कोपराने तपासावे, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.

धागाकर्ती (नौपाडा)

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून कालनिर्णयावरच दिवस मोजायला सुरुवात केली आहे : प्रत्येक चौकोनात ताप, साखर, पोट आणि मुंग्या. मुंग्यांचे आईने आज पहिल्यांदाच नीट सांगितले. बोटांपुरत्या नसून त्या तळव्यापर्यंत आल्या आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. तिसऱ्या केमोआधी हे पान डॉक्टरांसमोर ठेवणार आहे. एक शंका राहिली : तपासणीसाठी आईला ठाण्याहून खारघरच्या रुग्णालयात लोकलने नेले तर चालेल का?

प्रतिसाद (खारघर)

ठाणे-पनवेल गाडी थेट खारघरला येते आणि दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येते. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. मात्र आठव्या ते चौदाव्या दिवसांत गाडीची गर्दी टाळा, तेव्हा रिक्षा किंवा टॅक्सीच बरी. इतर दिवशी दुपारी बाराच्या सुमारास निघा, आईंना मास्क लावा आणि एक रिकामी पिशवी हाताशी असू द्या. मला ऐरोलीच्या आसपास हमखास मळमळायचे.